माळ्यावरच्या वह्या

मोडी वाचायला लोक बोलावतात ते बहुतेक वेळा भांडणापायी. इतिहासाची आवड वगैरे मागाहून. गुहागर तालुक्यातल्या या घरी तेच होतं. घराण्याच्या दोन तक्षिमांमध्ये, म्हणजे वाटेकरी शाखांमध्ये, एक विहीर आणि कलमांचा तुकडा यांवरून वाद. वकिलांनी सांगितलं, जुनं वाटणीपत्र शोधा. कागद भरपूर होते, पण ते वाचणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

घर जुन्या खोतांचं, म्हणजे गावाचा सारा सरकारला भरणाऱ्यांचं. त्या घराण्यातले तात्या पुण्याहून आले होते, आणि घराची देखभाल करणारे भाऊ किल्ल्या घेऊन ओटीवर बसले होते. भाऊंचं घर पऱ्ह्यापलीकडे, ओढ्याच्या त्या बाजूला. त्यांच्या मागच्या पिढ्या या खोतांची कुळं. हे मला तात्यांनीच सांगितलं, अगदी सहज.

रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, स्वयंपाकघराच्या माळ्यावर होते, म्हणून बचावले. वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाऊन कापड काळंकुट्ट झालेलं, पण आत कसर नाही, वाळवी नाही. देवघराशेजारच्या फडताळात नीट जपून ठेवलेले कागद मात्र भुगा झालेले. कोकणात मला हे नेहमी दिसतं. जे जपलं ते गेलं, आणि जे धुरात टाकलं ते टिकलं.

वाटणीपत्र दुपारच्या जेवणाआधीच मिळालं. विहीर सामायिक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, खाली चौघा साक्षीदारांच्या निशाण्या. माझं काम तिथे संपलं होतं. पण तात्या म्हणाले, "आलाच आहात तर पत्रंही बघा. पणजोबांचे थोरले भाऊ मुंबईला सरकारी कारकून होते, त्यांची असतील."

त्यांचीच होती. कार्डं बरीच, पाकिटं थोडी. पोस्टकार्ड आपल्याकडे 1879 साली आलं, पाव आण्याला. पाकिटाला अर्धा आणा पडे. या गृहस्थांनी त्या पाव आण्याच्या फरकाचा उपयोग चोख केलेला. उघड्या कार्डावर साष्टांग नमस्कार, येथील क्षेम, मातुश्रींचा ताप उतरला की नाही, दाभोळच्या बंदरात आगबोटीवर आमसुलं आणि पोह्याचे पापड कोणाबरोबर पाठवावे. पैशाच्या आणि जमिनीच्या गोष्टी पाकिटात. टपालवाल्यापासून गावच्या पंतोजीपर्यंत सगळे कार्ड वाचत असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी मोठ्याने वाचत होते. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं; शब्द सुटे नसतात. उच्चारून पाहिल्याशिवाय कुठे तोडायचं ते कळत नाही, निदान मला तरी. म्हणजे पुढच्या ओळीत काय आहे ते मला आणि ऐकणाऱ्यांना एकदमच कळतं. त्या दुपारी तसंच झालं.

शके 1802, विक्रमनाम संवत्सर, कार्तिक. म्हणजे 1880 चा नोव्हेंबर. वडिलांना लिहिलेलं पत्र. आधी पत्नीच्या बाळंतपणाची चौकशी, सुईणीला काय द्यावं, भाताचा पडाव (होडी) गोवळकोटच्या बंदरास गेला का, भाव काय आला. आणि मग, श्वासही न घेता त्याच ओळीत: खोतीचा नवा कायदा झाला आहे, कुळे कचेरीत अर्ज करतील, तरी शके 1767 च्या सुमाराच्या वह्या कोणास दाखवू नयेत, कोणी मागितल्यास वाळवीने खाल्ल्या म्हणून सांगावे. पुढे लगेच, लिंबाचं लोणचं बरणीसह पाठवावे.

तात्यांनी विचारलं, "1767 च्याच का?"

शके 1767 म्हणजे इसवी 1845. 1880 च्या खोती कायद्यात असं होतं की, 1845-46 च्या महसुली सालापासून ज्या कुळाची वहिवाट सलग चालत आली, ते कायम कूळ. मग खोताला त्याला मनात येईल तेव्हा उठवता येणार नाही. आता सलग वहिवाट दाखवायची कशी? कुळाजवळ कागद कुठला असायला! कागद खोताच्या घरात. कुळाचा पुरावा सगळा त्याच्या विरुद्ध पक्षाच्या माळ्यावर, आणि मुंबईच्या कारकुनाने हे बरोबर हेरलं होतं. कचेरीत नोकरी केल्याचा घराला झालेला हा फायदा. खोत म्हणजे मुळात सरकारला सारा भरण्याची हमी घेणारा, हे खरं. सरकारने त्यांना पिळलं असेल, तेही खरं. पण 1933 ला अलिबागजवळच्या चरी गावात कुळांचा संप का झाला, किंवा सप्टेंबर 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक का मांडलं, ते समजायला मला तरी हे लोणच्याचं पत्र पुरेसं आहे.

भाऊ पहिल्यांदा बोलले. "त्या सालाची वही हाय काय त्यात?"

होती. वाळवीने खाल्लेली तर नाहीच, उलट सगळ्यांत धडधाकट. पान उलटताना बोरूच्या शाईवर टाकलेली वाळू अजून बोटाला लागत होती. पिंपळाखालचा मळा, आणि पुढे भाऊंच्या खापरपणज्याचं नाव, आडनावासकट. भाऊ तोच मळा आज करतात. कूळकायद्याने तो कधीच त्यांच्या नावावर झालाय, त्यामुळे या वहीने आता कोणाचं काही जात नव्हतं की येत नव्हतं. तरी तात्या हळूच मला म्हणाले, "हे पत्र लिप्यंतरात घ्यायलाच हवं का?"

"रुमालात आहे ते यादीत येणार, तात्या. लिप्यंतर कशाचं करायचं ते तुम्ही ठरवा."

भाऊंना पत्राशी देणंघेणं दिसलं नाही. त्यांचं लक्ष आकड्यांवर. "मॅडम, भात किती लिवलंय?"

अभावणी तीन खंडी. अभावणी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज, कापणीआधी खोताच्या माणसाने बांधावर उभं राहून केलेला. मळा अर्धेलीचा, म्हणून खोताचा वाटा दीड खंडी. शिवाय बियाणाला उचललेलं भात दोन मण, दिढीने परत तीन मण.

भाऊ हसले. "तीन खंडी? अहो, आता युरिया मारून, सुधारित बियाणं लावून दोन खंडीवर जात नाय तो मळा. खालच्या अंगाला पाणी साचतं."

तात्या बँकेतून निवृत्त. त्यांनी वाटणीपत्राच्या झेरॉक्सवर मागे पेन्सिलीने मांडलं: वीस मणांची खंडी, खरं पीक दोन खंडी धरलं तर चाळीस मण, त्यातून तीस मण खोताला, तीन दिढीचे, उरले सात. मग म्हणाले, "त्या साली पाऊस चांगला झाला असेल." भाऊ म्हणाले, पाऊस चांगला झाला की तो मळा आणखी कुजतो. यावर दोघांची चांगलीच जुंपली. दलदलीचं पाणी कुठून येतं, बांध कोणी फोडला, मधली ताल कधी घातली. मी वहीची पुढची पानं बघत बसले. शके 1768, अभावणी तीन खंडी. 1769, तीन खंडी. 1770, तीन खंडी.

वाचून दाखवलं.

"बघा," भाऊ म्हणाले, "दरसाल नेमकं तेवढंच. बांधावर कोण गेलाच नाय."

तात्यांनी वही मागून घेतली. मोडी येत नसली तरी एकाखाली एक आलेले आकडे त्यांना कळत होते. निघताना भाऊंनी त्या पानांचे मोबाईलवर फोटो मागितले. तात्यांनी स्वतःच वही उजेडात धरली आणि मी काढून दिले. वाटणीपत्राचं लिप्यंतर मी त्याच आठवड्यात पाठवलं, पैसेही आले. पत्राचं काय करायचं ते फोन करून सांगतो म्हणाले होते. अजून फोन नाही. यादीत मात्र ते आहे: "कौटुंबिक व जमीनविषयक, सुस्थितीत."