कार्डावरची खूण आणि न झालेली तपासणी

बीड जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना दसऱ्याआधीचे दिवस मला नेहमीच अपुरे वाटतात, कारण टोळ्या एकदा ऊसतोडीला गेल्या की बायका उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. गेल्या वर्षी त्याच दिवसांत आम्ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ठेवली होती आणि उष्णतेने उपचार करण्याचे यंत्र एका दिवसापुरते जिल्ह्याहून मागवून घेतले होते.

आशाताईंबरोबर चाळिशीची एक बाई आली. “मागल्या साली झालीय की माजी तपासणी, मॅडम,” असे म्हणत तिने कार्ड पुढे केले, आणि त्यावर तशी खूण होतीही. खोदून विचारले तेव्हा कळले की, रक्तदाब पाहिला होता, बोट टोचून साखर पाहिली होती आणि ‘अंगावरून पांढरे जाते का’ एवढेच विचारले होते. चार बाळंतपणे झालेल्या या बाईला आतून कधीच कोणी तपासले नव्हते. ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे मात्र एका खासगी दवाखान्यात तिला सांगून झाले होते. कर्करोगाची भीती वस्तीवर पोहोचते आणि तपासणी पोहोचत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही ती आयुष्यात एकदा झालेली आढळली नाही. आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला होता. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून हाती आलेली एक वेळही वाया जाऊ द्यायची नाही, असे मी मानते.

सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या वरच्या ओठावर ठळक कडेचा पांढरा डाग उमटला. हा कर्करोग नव्हे, त्याच्या आधीचा बदल असू शकतो आणि तो इथेच जाळता येतो, असे तिला समजावले. जिल्हा रुग्णालयात पाठवले असते तर ती गेलीच नसती. “उद्या राती टरक निघतोय, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो,” असे ती म्हणाली. डाग पूर्ण दिसत होता, आतल्या मार्गात शिरलेला नव्हता आणि कर्करोगाची शंका येण्याजोगे काही नव्हते, म्हणून उपचार लगेच करता आला. शंभर अंशांपर्यंत तापलेले टोक मिनिटभराहूनही कमी वेळ टेकवावे लागते, त्यासाठी भूल लागत नाही. तिने आशाताईंचा हात घट्ट धरला होता, एवढेच.

खरी कठीण गोष्ट त्यानंतरची होती. काही आठवडे पाण्यासारखा स्राव जाणार आणि महिनाभर संबंध टाळायचे, हे तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावून सांगावे लागले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे ती बसली तर त्याचीही मजुरी बुडते. तरीही त्याने सारे ऐकून घेतले आणि पुन्हा कधी आणायचे ते विचारले. वर्षभराने, दसऱ्याच्या आधी, असे मी सांगितले.

विचारपूस आणि प्रत्यक्ष तपासणी यांचे रकाने आता आम्ही नोंदवहीत वेगळे केले आहेत. ते यंत्र दसऱ्याआधी महिनाभर केंद्रातच राहावे, अशी लेखी मागणीही केली आहे. उत्तर अजून आलेले नाही, म्हणून यंदाही ते एका दिवसापुरतेच येणार आहे आणि त्या दिवशी कोणाकोणाला आणायचे याची यादी आशाताई करीत आहेत.