दुरुस्त होणाऱ्या लॅपटॉपवर पेनानं लिहायचं असेल तर

फ्रेमवर्क ही घरीच दुरुस्त करता येणारे लॅपटॉप बनवणारी कंपनी. तिच्या लॅपटॉप 13 मध्ये 2021 पासून जवळपास सगळं बदलता येतं. मदरबोर्ड, बॅटरी, कीबोर्ड, बिजागऱ्या, अगदी स्क्रीनसुद्धा. स्क्रीनभोवतीची चौकट लोहचुंबकावर बसते आणि हातानं निघते. म्हणून साहजिकच मागणी होते, की टच आणि पेन चालणारी एक वेगळी स्क्रीन विकायला ठेवा, ज्याला हवी तो बसवून घेईल. मागणी अगदी रास्त आहे. मात्र स्क्रीनवर पेन कशामुळे चालतं हे कळलं, तर ती नेमकेपणानं करता येते आणि आज कोणतं यंत्र घ्यावं हेही ठरवता येतं.

पेनाच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिली ईएमआर, म्हणजे चित्रकारांच्या पेन-टॅबलेट बनवणाऱ्या वॅकॉम कंपनीची जुनी पद्धत. स्क्रीनच्या मागे तारांच्या वेटोळ्यांचा एक वेगळा पातळ बोर्ड असतो आणि पेनाला लागणारी ऊर्जा त्याच्याच चुंबकीय क्षेत्रातून मिळते. पेनात बॅटरी लागत नाही, रेघ स्थिर येते. अडचण अशी, की झाकणाची जाडी वाढते आणि जवळ लोहचुंबक असला की तिथली रेघ वाकडी होते. 13 ची चुंबकी चौकट इथं थेट आड येईल.

दुसऱ्या पद्धतीत पेन स्वतः विद्युत संकेत सोडतं आणि बोटाचा स्पर्श ओळखणारी पारदर्शक जाळीच तो टिपते. वेगळा बोर्ड लागत नाही, त्यामुळे बहुतेक पातळ लॅपटॉपांत हीच पद्धत असते. पण तिच्या तीन बोली आहेत: मायक्रोसॉफ्टची एमपीपी, वॅकॉमची एईएस आणि अनेक कंपन्यांनी मिळून केलेली यूएसआय. एका बोलीचं पेन दुसरीच्या स्क्रीनवर चालेलच असं नाही. दोन बोली बोलणारी पेनं मिळतात, मात्र खोक्यावर दोन्ही नावं वाचूनच घ्यावीत. नुसतं ‘स्टायलस’ लिहिलेलं स्वस्त पेन बहुधा रबरी टोकाचं असतं. यंत्र त्याला बोटच समजतं. दाब नाही, तळहात टेकला तर त्याचीही रेघ.

या जाळीच्या तारांमधलं अंतर साधारण चार मिलिमीटर असतं. पेनाची जागा दोन तारांमधल्या संकेताच्या प्रमाणावरून काढली जाते. पट्टी धरून हळू तिरकी रेघ ओढली की ती किंचित नागमोडी दिसते, त्याचं कारण हेच. भरभर लिहिताना हे जाणवत नाही. मराठी लिहिणाऱ्याला मात्र शिरोरेषेत जाणवू शकतं, कारण ती लांब, आडवी आणि पुष्कळदा सावकाश ओढली जाते. याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे अनुस्वार. पेनानं किती दाब दिल्यावर शाई उमटायला लागते, ही मर्यादा जास्त असेल तर हलका टिंब गळतो. दुकानात यंत्र हातात आलं तर ‘संबंधांमध्ये’ हा शब्द दहा वेळा भरभर लिहून टिंबं मोजा. दाबाच्या 4096 पातळ्यांच्या जाहिरातीपेक्षा ही चाचणी जास्त सांगते.

आता 13 ला नुसती स्क्रीन का पुरत नाही ते पाहू. टचच्या संकेतांना मदरबोर्डपर्यंत वाट लागते, आय-टू-सी किंवा यूएसबीच्या तारांची. म्हणजे पॅनेलबरोबर केबल आणि फर्मवेअरही, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअरही आलं. वर काच आली की झाकण जड होतं आणि बोटानं ढकललं की डुलतं. फ्रेमवर्कनं 13 साठी 3.3 किलोच्या आणि 4 किलोच्या ताकदीच्या बिजागऱ्या विकल्या आहेत. टच असेल तर घट्ट जोडीच हवी, तरीही उभ्या झाकणावर लिहिणं हाताला मानवत नाही. झाकण मागे पूर्ण फिरलं पाहिजे आणि ते 13 च्या रचनेत नाही.

सगळ्यात मोठा अडसर पॅनेलच्या पुरवठ्याचा. लहान कंपनीला स्वतःच्या मापाचं पॅनेल बनवून घेणं परवडत नाही. 2024 मध्ये आलेल्या 2880 बाय 1920 पिक्सेलच्या स्क्रीनचे कोपरे गोल आहेत, कारण ते पॅनेल मुळात दुसऱ्या कुणासाठी बनवलं होतं. 13.5 इंच, रुंदी-उंचीचं 3:2 प्रमाण, योग्य जाडी, टच आणि पेन हे सगळं एकत्र असलेलं पॅनेल बाजारात तयार सापडणं अवघडच.

म्हणूनच 2025 मधला फ्रेमवर्क लॅपटॉप 12 मला महत्त्वाचा वाटतो. 12.2 इंची टचस्क्रीन, 1920 बाय 1200, झाकण 360 अंशांत फिरतं, आणि पेनासाठी एमपीपी 2.0 व यूएसआय 2.0 या दोन्ही बोली. हा निर्णय फार योग्य आहे. पेन हरवलं किंवा बंद पडलं तर एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. मेमरीची एकच खाच आहे, त्यामुळे सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी, नाहीतर जुनी काढूनच नवी बसवावी लागते. एसएसडी 2230 मापाची लागते. नेहमीची लांब 2280 बसत नाही. स्क्रीनचे रंग बेताचे आहेत. टिपणं, गणितं, पीडीएफवरच्या खुणा यांना उत्तम, चित्रकाराला अपुरी. वजन 1.3 किलो, म्हणजे टॅबलेट करून हातात धरण्यापेक्षा टेबलावर आडवा ठेवून लिहायचा.

लिनक्सवर स्पर्श, पेन आणि दाब सहसा सरळ चालतात. 12 वर अडू शकतं ते टॅबलेट मोड ओळखण्यापाशी. झाकण मागे फिरवलं तरी कीबोर्ड चालूच राहतो, बोटं लागून भलतीच अक्षरं उमटतात. कारण सॉक-बटन-ॲरे हे मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा एक सुटा भाग, पिनकंट्रोल-टायगरलेक या दुसऱ्या मॉड्यूलच्या आधी लोड होतं. पिनकंट्रोल-टायगरलेक इनिट-रॅम-एफएसच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी लोड होणाऱ्या प्रतिमेच्या, यादीत घालून ती प्रतिमा पुन्हा बनवली, की क्रम सुधारतो. स्क्रीन आपोआप फिरत नसेल तर सेन्सरची माहिती पुढं पोचवणारं आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी बसवलेलं आहे ना ते पाहा. तळहाताचे डाग उमटत असतील तर झोर्नल-प्लस-प्लस या टिपणांच्या ॲपच्या सेटिंगमध्ये बोटानं रेघ काढणं बंद करा. पेन जवळ असताना लिबइनपुट हा लिनक्सचा पेन-स्पर्श हाताळणारा भाग स्पर्श थांबवतो, पण पेन टेकण्याआधीच तळहात टेकला तर एखादा ठिपका निसटतो.

रेघ अचानक थरथरू लागली, किंवा बोट न लावता क्लिक होऊ लागले, तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी चार्जर काढा. बॅटरीवर सगळं सुरळीत झालं, तर दोष चार्जरच्या विद्युत गोंगाटाचा आहे. दोन पिनांचा चार्जर, किंवा तीन पिनांचा असूनही सॉकेटात अर्थिंग नाही, ही आपल्याकडच्या जुन्या घरांतली नेहमीची स्थिती. सॉकेटाची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मगच पेनाला दोष द्या.

दुरुस्तीच्या दृष्टीनं खरा प्रश्न काचेचा आहे. काच पॅनेलला पारदर्शक गोंदानं चिकटवली, तर पेनाचं टोक आणि रेघ यांत अंतर दिसत नाही, पण तडा गेला की पूर्ण संच बदलावा लागतो. मध्ये हवेची फट ठेवली तर काच वेगळी काढता येते, मात्र रेघ टोकापासून सरकलेली भासते आणि कालांतरानं आत धूळ दिसते. लिहिण्यासाठी चिकटवलेली काचच बरी. अट एवढीच, की तो संच सुटा भाग म्हणून रास्त किमतीत आणि निदान सात-आठ वर्षं मिळत राहावा.

पेनाकडेही याच नजरेनं पाहायला हवं. टोक बदलता यावं, कारण खरखरीत संरक्षक फिल्मवर ते लवकर झिजतं. बदलता येणारी एएएए बॅटरी चांगलीच, पण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल याचा भरवसा नाही; घरात दोन जादा ठेवा. आणि पेन ठेवायचं कुठं? फ्रेमवर्कचं एक्स्पान्शन कार्ड, म्हणजे कडेच्या खाचेत सरकवायचा बदलता पोर्ट, 32 बाय 30 मिलिमीटरचं, जाडी 6.8 मिलिमीटर. नेहमीचं पेन त्या खाचेत लांबीनं मावत नाही, जाडीनंही नाही. त्याची जागा लॅपटॉपच्या कवचातच आखावी लागेल.

ज्यांच्याकडे आधीच 13 आहे त्यांनी झाकणावर स्पर्शाची फिल्म चिकटवण्याचा खटाटोप करू नये. यूएसबीची छोटी पेन-टॅबलेट, म्हणजे टेबलावर ठेवायची बिनस्क्रीनची पाटी घ्यावी. ती बहुधा ईएमआरची असते, पेनात बॅटरी नाही, रेघ स्थिर येते, आणि लॅपटॉप बदलला तरी ती टिकते. प्रमाण मात्र जुळवून घ्या. 152 बाय 95 मिलिमीटरची टॅबलेट 16:10 ची असते, 13 ची स्क्रीन 3:2 ची. तशीच जोडली तर गोल अंडाकृती येतो. सेटिंगमध्ये गुणोत्तर कायम ठेवण्याचा पर्याय निवडला, की रुंदीतले 142.5 मिलिमीटर वापरात येतात आणि गोल गोलच राहतो.