फोंड्यातला पाऊस आणि दोनदा सोडलेली मेमरी

जुलै लागला की आमच्या फोंड्यात विजेचा लपंडाव सुरू होतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी मी तापमान मोजणाऱ्या यूएसबी बोर्डाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे त्या बोर्डाशी बोलणारा कोड, घरून सांभाळतो. वीज क्षणभर गेली की बोर्ड सुटायचा, पुन्हा लागायचा आणि तासाभराने लॅपटॉप कोसळायचा. लॉगमध्ये दोषी म्हणून नाव कधी फाइल सिस्टिमचं, कधी नेटवर्कचं. तीन दिवस मी त्यांच्याच मागे होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेवटी केसॅन, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारं साधन, लावून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधला. 2015 च्या 4.0 आवृत्तीपासून हे कर्नलमध्येच आहे. दर 8 बाइटमागे 1 बाइट नोंदीला ठेवतं आणि मेमरीतल्या सोडलेल्या जागेला कुणी हात लावला की जागीच पकडतं. सगळं संथ होतं, पण तेवढं सोसावं. विजेची वाट न बघता, बोर्डाची मोजमापं नोंदवणारा प्रोग्रॅम, लॉगर, चालू असतानाच केबल उपटून परत लावली. पहिल्याच फटक्यात 'डबल फ्री', म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडलेली. जागा कुणी घेतली, आधी कुणी सोडली, सगळा माग खाली छापलेला.

लॉगरने फाइल उघडी धरल्यामुळे जुन्या बोर्डाचं नाव नोंदलेलंच राहायचं. त्याच नावाने नवा आला की नोंदणी करणारं 'डिव्हाइस रजिस्टर' नकार द्यायचं. मग आमचा कोड 'पुट डिव्हाइस' म्हणायचा, म्हणजे बोर्डाच्या ऑब्जेक्टवरचा आपला संदर्भ सोडायचा; शेवटचा संदर्भ सुटल्यावर चालणारं रिलीज फंक्शन त्या बोर्डाच्या माहितीचं स्ट्रक्चर सोडायचं, आणि चूक झाल्यावर कोड जिथे उडी मारतो त्या खालच्या गोटो लेबलवर, मेमरी थेट सोडणारं केफ्री तेच पुन्हा सोडायचं. पुढे तो तुकडा दोघांना दिला जाणार आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या घरात उमटणार.

मी 'पुट डिव्हाइस' काढलं. कोसळणं थांबलं, दुरुस्तीचा पॅच पाठवला. कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरने तो परत केला: नोंदणी फसली तरी ऑब्जेक्ट थेट केफ्री करायचा नाही, फक्त आपला संदर्भ सोडायचा. न सोडलेली मेमरी शोधणारं केमेमलीक चालवलं तेव्हा पटलं. दर फसलेल्या नोंदणीमागे नावाची मेमरी लटकत राहत होती. मग उलट केलं, 'पुट डिव्हाइस' परत आणलं. केफ्री काढलं, बफर सोडणंही रिलीजमध्ये नेलं. फेलस्लॅब या चाचणीच्या साधनाने एकेक ॲलोकेशन, म्हणजे मेमरीची मागणी, मुद्दाम पाडून बाकीच्या वाटा तपासल्या, तेव्हा आणखी एक गळती सापडली.

दुसरा पॅच स्वीकारला गेला त्या संध्याकाळी वीज गेली, आली. बोर्ड लागला नाही, लॉगमध्ये 'नाव आधीच आहे' एवढी एक ओळ. लॅपटॉप मात्र रात्रभर चालू. ते नाव वेळेवर कसं सोडवायचं, यावर आता काम चालू आहे.