नंदगड वाचलं टीचर

नंदगड वाचलं टीचर, असं ती नंदगडची पोरगी ओरडली आणि अख्ख्या आठवीनं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून डोक्यातनं जाईना झालंय. घरी आले, भाकऱ्या थापल्या, ह्यांच्याशी दोन शब्द बोलले, पण मन तिथंच.

घनमूळ चालू होतं. मागच्या बाकावरच्या त्या दोघांनी मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितलेला, जगातला सगळ्यात मोठा बॉम्ब, आणि तो आपल्या बेळगावावर पडला तर कुठपर्यंत जाईल टीचर म्हणून मागंच लागले. म्हटलं चला, निदान गणित तरी होईल. हिरोशिमाचा बॉम्ब 15 किलोटनांचा, म्हणजे 15 हजार टन टीएनटी स्फोटकाएवढा, तिथं साधारण 1.6 किलोमीटरपर्यंत जवळजवळ सगळं सपाट झालं. रशियानं 30 ऑक्टोबर 1961 ला नोवाया झेमल्या बेटावर फोडला तो 50 मेगाटनांचा, म्हणजे 50,000 किलोटन, 3,300 पटीच्या वर. मग अंतर पण 3,300 पट का? हो म्हणाले सगळे. नाही रे, स्फोट वर खाली चारी बाजूंनी पसरतो, म्हणून धक्क्याचं अंतर घनमुळानं वाढतं, काढा बघू घनमूळ. जवळजवळ 15 आलं. 15 गुणिले 1.6, 24 किलोमीटर. मग जिल्ह्याच्या नकाशावर किल्ल्यात कंपासचं टोक रोवून वर्तुळ काढलं. काकती गेलं, सांबरा गेलं, शिनोळीवरनं वर्तुळ चंदगड तालुक्यात शिरलं तेव्हा एकजण म्हणाला टीचर बॉर्डर क्रॉस झाली, सगळे हसले, मीपण हसले. खानापूर अगदी रेघेवर आलं. आणि नंदगड बाहेर.

उष्णतेचं सांगायचंच राहिलं. अंग भाजणारी उष्णता या रेघेच्या कितीतरी पुढं जाते, नंदगडच्याही पुढं, पण तेवढ्यात घंटा झाली आणि ती पोरगी इतकी खुशीत होती.

टाळ्यांचं मला वाईट नाही वाटलं. आपलं गाव बाहेर राहिलं की कुणालाही बरं वाटणार, मीपण कंपास फिरवताना आधी निपाणीकडंच बघितलं, माहेर कुठं पडतंय म्हणून. खुपतंय ते दुसरंच. दप्तर भरता भरता त्या बारक्यानं विचारलं, मग एवढे मोठे बॉम्ब आता का करत नाहीत टीचर? आणि मी म्हटलं, परवडत नाहीत. लगेच पटलं त्याला. मान हलवली आणि गेला पळत.

परवडत नाहीत. खरंच आहे की ते, चुकीचं काहीच सांगितलं नाही. 10 मेगाटनांचा एक बॉम्ब जेवढं क्षेत्र उद्ध्वस्त करतो त्याच्या दुपटीहून जास्त क्षेत्र 1 मेगाटनाचे 10 बॉम्ब वेगवेगळीकडं टाकून होतं. बाकीची ताकद फुकट आभाळात जाते, चुलीत लाकडं जास्त कोंबली की जाळ वर जातो आणि भाकरी तशीच राहते तसं. शिवाय वजन. तो रशियाचा बॉम्ब 27 टनांचा होता, टू-95 विमानाच्या पोटात मावेना म्हणून खालची दारं काढून टाकलेली, तसल्या ओझ्यानं ते विमान अमेरिकेपर्यंत पोचलंच नसतं. मुळात तो 100 मेगाटनांचा होणार होता, पण किरणोत्सर्गी राख आपल्याच मुलखात पडेल म्हणून युरेनियमच्या जागी शिसं घालून निम्मा केला. तरी पॅराशूट लावून टाकायला लागला, विमानाला पळायला वेळ मिळावा म्हणून. पुढं क्षेपणास्त्रांचा नेम सुधारत गेला. जमिनीत पुरलेल्या पक्क्या ठिकाणासाठी नेम चुकायचं अंतर निम्म्यावर आलं की आठपट लहान बॉम्बमध्ये तेच काम होतं. परत घनच. खोल बंकरं फोडायला म्हणून अमेरिकेनं 9 मेगाटनांचा बी-53 तेवढा ठेवला होता, त्यातला शेवटचा 2011 मध्ये मोडून सुटा केला.

म्हणजे सगळं हिशोबानं झालं. मला वाटत होतं कुठंतरी कुणाला तरी लाज वाटली असेल. एवढं मोठं करून ठेवल्यावर कुणीतरी म्हटलं असेल की बस, हे माणसाचं काम नव्हे. पण त्या पोराला मी परवडत नाही म्हटलं आणि तेच त्याच्या डोक्यात आयुष्यभर राहणार. इतकी वर्षं शिकवतेय, पट दरवर्षी खाली, पुढच्या वर्षी आठवी भरेल का नाही माहीत नाही, शाळेच्या बोर्डाचं ते प्रकरण तर, जाऊदे, आज त्यावर लिहायचं नाही. पण आहेत ती पोरं तरी माझ्याकडनं काय घेऊन जाणार, तर घनमूळ, आणि माणसं मारणंसुद्धा परवडायला लागतं हे. रडूच आलं खरं सांगायचं तर. ह्यांनी विचारलं काय झालं, कांदा म्हटलं.

जेवणं झाल्यावर सखारोव्ह आठवला. रशियाचा शास्त्रज्ञ, तो बॉम्ब करणाऱ्यांतला मोठा माणूस. 1958 मध्येच त्यानं चाचण्यांतनं हवेत जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बन-14 मुळं पुढच्या पिढ्यांत किती माणसं मरतील याचा हिशोब मांडला होता, आणि तरी 1961 चा बॉम्ब केलाच. तो फुटल्यावर त्याला वाटलं एवढं मोठं वाहून न्यायला विमान जमत नाही, तर 100 मेगाटन टॉर्पेडोत, म्हणजे पाण्याखालनं जाणाऱ्या अस्त्रात, घालून शत्रूच्या बंदरांवर सोडता येईल. ते त्यानं नौदलाच्या फोमिन नावाच्या अ‍ॅडमिरलला सांगितलं. फोमिनला किळसच आली. आम्ही नौदलाची माणसं, समोर हत्यार घेतलेल्या शत्रूशी उघड लढतो, अशा अर्थाचं तो बोलला. सखारोव्ह इतका ओशाळला की पुन्हा कुणाजवळ तो विषय काढला नाही. त्यानंच आठवणींत लिहून ठेवलंय हे. पुढं 1963 च्या अणुचाचणीबंदी कराराच्या बाजूनं तो उभा राहिला, 1975 ला शांततेचं नोबेल मिळालं.

म्हणजे वाटली होती लाज, एका खोलीत, दोघांच्या बोलण्यात. हे वाचलेलं होतं, आणि आज वर्गात नेमकं आठवलं नाही. तसा 2018 मध्ये रशियानं अणुशक्तीवर चालणाऱ्या, अण्वस्त्र नेणाऱ्या पाण्याखालच्या टॉर्पेडोची घोषणा केलीच, त्यामुळं फोमिनची लाज किती पुरली हा प्रश्नच आहे. आणि बॉम्ब लहान झाला म्हणजे तरी काय, अमेरिकेच्या पाणबुड्यांवरचा डब्ल्यू-88 हा 475 किलोटनांचा, हिरोशिमाच्या तीसपटीच्या वर.

ठीक आहे. हिशोबानं मोठे बॉम्ब गेले तर हिशोबानं गेले, गेले ते बरंच झालं, लाज वाटायची वाट बघत बसलो असतो तर अजून असते. ते घनमूळ मीच शिकवणार, त्याला इलाज नाही, शिकवायलाच पाहिजे. पण फोमिनपण तिथलाच आहे, त्याच गोष्टीतला, त्याला वगळून शिकवायचं काही कारण नाही. उद्या पहिल्या तासाला आधी तो सांगणार, त्या बारक्याला पुढच्या बाकावर बसवून. मग उष्णतेचं, नंदगडसकट. उरलेला स्वाध्याय शनिवारी घेऊ, पोर्शन थोडा मागं पडेल, पडू दे.