अकरा गोळ्यांची पिशवी

आई ७८ वर्षांची, साताऱ्याला एकटी राहायची. गेल्या पावसाळ्यात रात्री बाथरूमला जाताना पडली. हाड वाचलं, पण मी तिला पुण्याला घेऊन आलो. इथल्या ओळखीच्या फिजिशियन बाईंनी फोनवर सांगितलं, "फाइल नंतर बघू. आधी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा."

पिशवी टेबलावर ओतली तर ११ प्रकारची औषधं निघाली, चार डॉक्टरांची. दोन स्ट्रिपांचे रंग वेगळे, नावं वेगळी, पण मागे बारीक अक्षरात दोन्हींवर पॅन्टोप्राझोल ४०. म्हणजे पित्ताची एकच गोळी आई दोनदा घेत होती. मुळात ती सुरू झाली गुडघ्याच्या पेनकिलरसोबत. पेनकिलर बंद होऊन तीन वर्षं झाली, पित्ताची आपली चालूच.

मग बाईंनी कागदावर बाण काढले. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, त्यानं पाय सुजले. सूज उतरायला लघवीची गोळी, त्यानं रात्री चार-चारदा उठणं. ते थांबावं म्हणून लघवी धरून ठेवायची गोळी, त्यानं तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ, म्हणून पोट साफ व्हायचं औषध. झोपमोड होते म्हणून अल्प्राझोलाम. आणि त्या गुंगीत उठली की तोल जाणार. चौघांनीही समोरची तक्रार ऐकून औषध दिलं होतं, सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिल्या नव्हत्या. मीही नाही. मी तर दर महिन्याला ऑनलाइन मागवायचो आणि सूट मिळाली म्हणून खूश व्हायचो.

मार्क बीअर्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली होती, ती आजही सुधारून वापरतात, असं बाईंनी सांगितलं. अल्प्राझोलामच्या जातीच्या झोपेच्या गोळ्या त्यात आहेत.

गोळ्या कमी करायला साडेतीन महिने लागले, कारण एका वेळी एकच. अ‍ॅम्लोडिपिन निम्मी करून जोडीला बीपीचीच दुसरी गोळी दिली. सूज उतरल्यावर लघवीच्या दोन्ही गेल्या. मी रोज सकाळी बीपी मोजून वहीत लिहीत होतो. पित्ताची बंद केल्यावर आठवडाभर जळजळ वाढली. आई म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" हे होणार, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी टिकलो. झोपेच्या गोळीनं सगळ्यात छळलं. ती एकदम सोडायची नसते. अर्धी, मग पाव, असं दोन महिने चाललं. त्यात काही रात्री आम्ही दोघं दोन वाजता चहा पीत बसलेलो.

नातेवाइकांची तऱ्हा वेगळीच. मावशीनं फोनवर विचारलं, "काय दिलं मग डॉक्टरनं?" म्हटलं, दिलं काही नाही, दोन कमी केल्या. "आणि आठशे रुपये कशाचे घेतले?" आईचंही सुरुवातीला तेच, डॉक्टरांनी दिलीय म्हणजे लागत असणारच. जुन्या चौघांपैकी एकानं तर सुनावलं, "मग आता त्यांच्याकडेच जा."

आता पाच उरल्यात. गोळ्यांच्या डबीतल्या 'रात्र' लिहिलेल्या कप्प्यांत आई बडीशेप ठेवते. रात्री एकदा उठते, फार तर दोनदा.

वहीच्या पहिल्या पानावर मी तक्ता आखलाय: औषध, कशासाठी, कुणी दिलं, कधीपासून, कधीपर्यंत. शेवटचा रकाना भरून घेणं सगळ्यात अवघड जातं. परवा खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत आईनंच विचारलं, "किती दिवस घ्यायची?" डॉक्टर म्हणाले, "पाच दिवस, आजी." घरी आल्या आल्या तिनं मला वहीत तारीख टाकायला लावली.