चेहरा केव्हा दिसावा: एका रॉक व्हिडिओच्या प्रकाशयोजनेचा माझा अनुभव

मी मुळात स्थिरचित्रण करणारी. एका रॉक बँडने आपल्या गाण्याच्या व्हिडिओची प्रकाशयोजना माझ्यावर सोपवली, तेव्हा दिव्यांची यादी करण्याआधी मी चार दिवस ते गाणे नुसते ऐकत राहिले. वेळेवर माफी न मागितलेल्या एका माणसाचे ते गाणे होते. पहिले कडवे एकाच गिटारवर, जवळजवळ पुटपुटल्यासारखे. ध्रुवपदात ड्रम्स आणि दोन्ही गिटार एकदम कोसळतात. शेवटच्या कडव्यात गायक पुन्हा एकटा उरतो. गाण्याला असे तीन स्वभाव असतील, तर उजेडालाही तीन स्वभाव हवेत, एवढेच तेव्हा मला ठाऊक होते.

सुरुवात मी एका प्रसिद्ध प्रतिमेपासून केली. क्वीन या बँडच्या १९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या व्हिडिओत काळोखातून चार चेहरे वर येतात आणि उजेड वरून पडतो. ही रचना १९७४ सालच्या त्यांच्या ‘क्वीन टू’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरून आलेली आहे, आणि मिक रॉक यांनी टिपलेल्या त्या मुखपृष्ठामागे ‘शांघाय एक्स्प्रेस’ या १९३२ सालच्या चित्रपटातील अभिनेत्री मार्लीन डीट्रिच यांचे छायाचित्र होते. इतकी वर्षे टिकलेला उजेड आपल्यालाही तारेल असे मला वाटले. चाचणीच्या दिवशी मी गायकाच्या डोक्यावर, किंचित पुढे, एक कडक दिवा टांगला आणि मॉनिटरकडे पाहिले, तर माफी मागू पाहणारा माणूस धमकावतो आहे असे दिसत होते. भुवयांच्या सावलीत त्याचे डोळे पूर्ण बुडाले होते. तो उजेड चार स्थिर, गूढ चेहऱ्यांना शोभतो. पश्चात्ताप दाखवायचा तर डोळे दिसायला हवेत. मी दिवा एका बाजूला घेतला, साधारण ४५ अंशांपर्यंत खाली आणला, आणि गायकाच्या डोळ्याच्या बाहुलीत उजेडाचा बारीक ठिपका उमटताच तोच चेहरा हळवा झाला. दिव्याची ताकद तीच होती, बदलली होती केवळ त्याची जागा.

जागेचा दुसरा धडा अंतराचा. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. गायक दिव्यापासून १ मीटरवर आणि मागची भिंत ४ मीटरवर असेल, तर भिंतीला गायकाच्या एक सोळांशच उजेड मिळतो. म्हणून खोली काळी करण्यासाठी मी काळे पडदे मागवले होते ते तसेच घडीत राहिले. दिवा गायकाच्या जवळ सरकवताच भिंत आपोआप नाहीशी झाली, आणि त्याचा एकटेपणा सजावटीशिवाय पडद्यावर आला.

खरा मतभेद पहिल्या कडव्यावरून झाला. मला तिथे दिवा मागून हवा होता, म्हणजे गायकाची फक्त बाह्याकृती दिसावी. गायकाचे म्हणणे होते की चेहराच दिसला नाही तर लोक शब्दांशी जोडले कसे जाणार. त्याची शंका रास्त होती, म्हणून मी दोन टेक घेतले. एकात चेहरा समोरून भरपूर उजळलेला. दुसऱ्यात आकृती काळी आणि कडव्याच्या शेवटच्या शब्दावर डिमरने, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रकाने, तीन सेकंदांत हळूहळू उजळत जाणारा समोरचा दिवा. पहिल्या टेकमध्ये पहिल्याच क्षणी सगळे कळून चुकत होते आणि पुढे वाट पाहण्यासारखे काही उरत नव्हते. दुसरा त्याने दोनदा पाहिला आणि म्हणाला, “हाच ठेवू या.” उजेड किती द्यायचा यापेक्षा तो किती वेळ राखून ठेवायचा हा प्रश्न माझ्यासाठी त्या दुपारपासून मोठा झाला.

ध्रुवपदाने मात्र फार दमवले. मागून येणारे झोत दिसण्यासाठी हवेत काहीतरी तरंगावे लागते, म्हणून आम्ही हेझ मशीन लावले, आणि ते धुके समान पसरावे म्हणून पंखे बंद करून थांबलो. मग स्ट्रोब, म्हणजे क्षणभर लखलखून विझत राहणारा दिवा, सुरू केला, तर काही फ्रेम्सचा वरचा भाग लख्ख आणि खालचा काळा येऊ लागला. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने वाचला जात होता आणि स्ट्रोबचा लखलखाट ते वाचन पूर्ण होण्याआधीच संपत होता. अखेर स्ट्रोब बाजूला ठेवून मी एलईडी दिवे प्रत्येक ठोक्याला ८० मिलिसेकंद, म्हणजे २५ फ्रेम्सच्या गतीने दोन फ्रेम्सइतका वेळ, पेटते ठेवले. अर्धवट उजळलेल्या फ्रेम्स सगळ्याच गेल्या नाहीत, पण संकलनात वापरता येतील इतक्या पूर्ण फ्रेम्स मिळू लागल्या. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असल्याने सेकंदाला दोनच लखलखाट होत होते. ड्रमरला ते दुप्पट हवे होते. मी ठाम नकार दिला. सेकंदाला तीनपेक्षा अधिक लखलखाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला झटका आणू शकतात, आणि कोणत्याही परिणामासाठी ती किंमत मला मान्य नव्हती.

लाल रंगानेही असेच दमवले. क्रोध म्हणजे लाल, असा सोपा हिशेब करून मी चेहऱ्यावर गडद लाल एलईडी टाकला आणि त्वचेचा सगळा पोत हरवला, कारण सेन्सरच्या एकाच रंगावर सारा भार पडून तो भाग सपाट झाला. लाल फक्त मागच्या धुक्यात ठेवला, चेहऱ्यावर पांढरा उजेड दिला, तेव्हा राग माणसाच्या पाठीशी उभा राहिलेला दिसू लागला. गाण्याच्या अर्थाला हे कितीतरी जवळचे होते.

शेवटच्या कडव्यासाठी मी सगळे एलईडी बंद केले आणि एकच टंगस्टनचा, म्हणजे आत तार तापून उजळणारा, दिवा ठेवला. डिमर उतरवत नेला की हा दिवा नुसता मंद होत नाही, तर पिवळ्याकडून नारिंगीकडे झुकत जातो, आणि वीज तोडल्यावरही त्याची तार क्षणभर धुमसत राहते. अखेरचा सूर थांबला, मी डिमर शून्यावर आणला. गायक जागचा हलला नाही. तार विझेपर्यंतचा तो क्षण आम्ही संकलनात कापला नाही.