कॉम्प्युटरला हरवत होतो तेव्हा

आठ महिने रोज रात्री मी कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळलो. तिसऱ्या लेव्हलपासून सहावीपर्यंत चढलो, तिथेही जिंकायला लागलो आणि मोठ्या तोऱ्यात एका रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत नाव दिलं. सात डावांत दीड गुण!

तिसरा डाव अजून डोळ्यांसमोर आहे. माझी काळी मोहरी, राजा किल्लेकोटात. समोरच्याने उंटाने एच७ चं प्यादं मारून शह दिला. मी लगेच उंट खाल्ला. फुकटचा! मग त्याचा घोडा जी५ वर, पुन्हा शह. राजा घाईघाईने जी८ वर परत नेला, त्याचा वजीर एच५ वर येऊन बसला आणि माझे हात गार पडले. घरी येऊन इंजिन, म्हणजे चाली तपासून देणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, लावलं, तर उंटाचं ते बलिदान मुळातच खोटं होतं. राजा जी६ वर पुढे काढला असता तर मीच जिंकत होतो.

असं का झालं, ते कळायला वेळ लागला. मुद्दाम कमजोर केलेला कॉम्प्युटर पंधरा-वीस चाली चोख खेळतो आणि मग उगाचच एखादा हत्ती सोडून देतो. माणूस असा चुकत नाही. तो हावरटपणा करतो, घड्याळाकडे बघून गडबडतो, बेधडक थापही मारतो. आठ महिन्यांत मी एवढंच शिकलो होतो की गप्प बसायचं, काहीतरी फुकट मिळतंच. त्या दिवशी उंट मिळाला.

दुसरी खोड याहून वाईट. डाव संपताच इंजिन चालू करायचो. +१.८ दिसायचं, म्हणजे पांढऱ्याकडे जवळपास दोन प्याद्यांइतकी सरशी. पण ती कशामुळे, ते मला विचारू नका. गुकेशने म्हणे रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) २५०० च्या घरात जाईपर्यंत इंजिनला हात लावला नव्हता, आणि २०२४ मध्ये अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. त्याची गोष्ट वेगळी, पण मी तर रेटिंग मिळण्याआधीच स्वतःचं डोकं गहाण टाकलं होतं.

आता डाव आधी वहीत उतरवतो, कुठे काय वाटलं ते पेन्सिलने शेजारी लिहितो, आणि इंजिन दुसऱ्या दिवशी. एंडगेमसाठी, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यासाठी, मात्र कॉम्प्युटरच हवा, तोही पूर्ण ताकदीचा. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती, यातली एखादी जिंकती स्थिती मांडून बसतो. तो कंटाळत नाही, डाव सोडत नाही, माझी एक ढिली चाल झाली की बरोबरी पदरात पाडून घेतो. पहिल्या आठवड्यात एकदाही जिंकलो नाही.

परवा क्लबात एक डाव बरोबरीत सुटला. ३१ व्या चालीपाशी वहीत लिहिलं होतं, ‘इथे घोड्याचं काहीतरी आहे, सापडत नाही.’ दुसऱ्या दिवशी इंजिन लावलं. घोड्याचंच होतं.